मुलांना मांचुरियाला धाडणारे गुरुजी : युद्धकाळातलं एक जपानी शिक्षक-मासिक

मृद्गंध (धागाकर्ती)

जपानमधल्या शिक्षकांनी युद्धाच्या वर्षांत काय लिहिलं, यावर लिहायचं बरेच दिवस मनात होतं. मागे एका चर्चेत कुणीतरी म्हणालं, "शिक्षक काय, हुकमाचे ताबेदार." ते मला पटलं नाही. का पटलं नाही हे सांगायला नागानोइतकं चांगलं उदाहरण नाही. मी पुण्यात जपानी शिकवते, त्यामुळे या विषयाचं वाचन अधूनमधून होत असतं.

नागानो हा तोक्योच्या वायव्येला, डोंगरांनी वेढलेला प्रांत. जुनं नाव शिनानो. समुद्र नाही, सपाट जमीन थोडी, हिवाळा कडक. पण शाळांच्या बाबतीत मेइजी काळापासून (१८६८ ते १९१२) पुढे. 'शिक्षणाचा प्रांत' हे बिरुद तिथले लोक अजून अभिमानाने सांगतात. शिनानो शिक्षण संघ ही शिक्षकांची संघटना १८८० च्या दशकात उभी राहिली आणि १८८६ पासून तिचं मासिक निघू लागलं. त्याचं नाव पुढे 'शिनानो क्योइकु' झालं, म्हणजे शिनानोचं शिक्षण. ते आजही निघतं. हे परिपत्रकांचं बाड नव्हे. मुलांकडून निबंध कसे लिहून घ्यावेत, भूगोल गावच्या ओढ्यापासून कसा सुरू करावा, असल्या गोष्टींवर शिक्षक त्यात जीव तोडून लिहीत. तांका या छोट्या जपानी कवितेतलं मोठं नाव शिमाकी आकाहिको हे मुळात शिक्षक, त्यांनीही या मासिकाचं संपादन केलं होतं. डोंगरातल्या एका खोऱ्यात शिकवणाऱ्या माणसाला पलीकडच्या खोऱ्यातला सहकारी काय करतोय हे या मासिकातूनच कळायचं.

आता १९३० च्या आसपास या. नागानोचं शेतकरी घर रेशमावर उभं होतं. भात जेमतेम पोटापुरता. हातात रोख पैसा यायचा तो कोशांचा, आणि ते रेशीम जायचं अमेरिकेला. १९२९ ची मंदी आली, तिथली मागणी आटली, कोशांचे भाव कोसळले. मुलं डबा न आणता शाळेत यायला लागली. रोज समोर उपाशी मुलं बसलेली पाहणाऱ्या तरुण शिक्षकांनी मार्क्स वाचायला घेतला, गुपचूप संघटना बांधल्या. ४ फेब्रुवारी १९३३ पासून पोलिसांनी धरपकड सुरू केली. काही महिन्यांत सहाशेवर माणसं पकडली गेली आणि त्यात शंभराहून कितीतरी जास्त शिक्षक होते. वर्तमानपत्रांनी 'लाल शिक्षक' म्हणून मथळे दिले. ज्या प्रांताला आपल्या शिक्षकांचा अभिमान, त्याच प्रांताची देशभर बदनामी झाली.

माझ्या मते पुढचं सगळं या धक्क्यातून येतं. शिक्षण संघाला आपली निष्ठा सिद्ध करायची होती, आणि त्याच सुमाराला एक काम चालून आलं. १९३२ मध्ये जपानने मांचुरियात, म्हणजे चीनच्या ईशान्य भागात, आपल्या तालावर चालणारं बाहुलं राज्य उभं केलं होतं. १९३६ मध्ये सरकारने ठरवलं की वीस वर्षांत दहा लाख शेतकरी कुटुंबं तिथे वसवायची. १९३८ पासून त्याला जोड मिळाली ती किशोरांच्या पथकांची. 'मांचुरिया-मंगोलिया वसाहत किशोर स्वयंसेवक दल' असं लांबलचक नाव. वय साधारण चौदा-पंधरापासून अठरा-एकोणीसपर्यंत. देशभरातून सुमारे ८६ हजार मुलं गेली. सर्वांत जास्त मुलं नागानोतून गेली. मोठ्या माणसांच्या वसाहतींतही नागानोच पहिला, तेहतीस हजारांच्या आसपास माणसं.

मुलांना गोळा कुणी केलं? शिक्षकांनी. प्रांताकडून जिल्ह्याला, जिल्ह्याकडून शाळेला आकडा यायचा. सहा वर्षांची शाळा संपवून पुढच्या दोन वर्षांच्या वर्गात बसलेली मुलं शिक्षकाच्या नजरेसमोर असायची. त्यातही दुसरा, तिसरा मुलगा, कारण जमीन थोरल्याला मिळणार. शिक्षक संध्याकाळी घरी जायचा. आई नको म्हणायची, बाप गप्प बसायचा, शिक्षक चार दिवसांनी पुन्हा यायचा. जे परत आले त्यांच्या आठवणींत हे पुन्हा पुन्हा येतं. का गेलात असं विचारलं की सर्वांत जास्त ऐकू येणारं उत्तर एकच: गुरुजींनी सांगितलं म्हणून.

आणि मासिकात याच शिक्षकांचं लेखन. मांचुरिया पाहून आलेल्यांची प्रवासवर्णनं, भरतीचे अनुभव, 'आशियाच्या उभारणीसाठी शिक्षण' यावरचे निबंध. त्यात मला दरडावणी फारशी दिसत नाही, तळमळ दिसते, आणि त्याचाच जास्त त्रास होतो. ज्या प्रेमळ भाषेत दहा वर्षांपूर्वी 'या मुलाच्या हाताला काम कसं मिळेल' असं लिहिलं जायचं, त्याच भाषेत आता 'या मुलाला इथे अर्धा एकरही मिळणार नाही, तिथे दहा हेक्टर मिळतील' असा हिशेब मांडला जातो. मुलाचं भलं हाच मुद्दा, तेव्हाही आणि आताही. वाईट शिक्षक त्या वाटेने गेले असते तर मी हा धागा काढला नसता. गेले ते चांगले शिक्षक, मुलांच्या घरी जाणारे, मुलांची नावं आणि परिस्थिती पाठ असणारे.

तुम्हाला काय वाटतं ते लिहा. जपानच्या इतर भागांबद्दल कुणाला माहिती असेल तर जरूर भर घाला.

---

डोंगरवाट

उत्तम धागा. एक शंका. तेव्हा सेन्सॉर होता ना? मग छापून आलेलं लेखन शिक्षकाच्या मनातलं होतं हे कशावरून? जगायचं म्हणून लिहिलेलं असू शकतं.

---

मृद्गंध

सेन्सॉर होताच. छापलेलं गृहमंत्रालयाकडे जायचं, आक्षेप आला तर अंक जप्त. पुढे कागदाची टंचाई आली आणि नियतकालिकांची पानं घटली. १९४४ मध्ये तर प्रांतोप्रांतीचे शिक्षण संघ एकाच राष्ट्रीय संघाच्या शाखा झाले.

पण सेन्सॉर तुम्हाला काय लिहू नका ते सांगतो. रात्री बसून दहा पानांचा लेख लिहाच असं तो सांगत नाही. आणि लेखावरून कळतं हो. वरून आलेली वाक्यं सुरुवातीला आणि शेवटी असतात, 'सम्राटांच्या कृपेने' वगैरे. मधल्या भागात शिक्षक जेव्हा अमुक घरची परिस्थिती, अमुक मुलाचा स्वभाव सांगतो, तेव्हा तिथे कुणी हात धरलेला नसतो.

---

सह्यकडा

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चोवीस वर्षं शिकवतोय. वरून आकडा येतो हे वाक्य वाचून थांबलो. आम्हाला युद्धाचा आकडा येत नाही, देवाची कृपा. पण आकडा आला की शाळेत काय होतं ते मला ठाऊक आहे. बैठक होते. केंद्रातल्या दुसऱ्या शाळेचा आकडा पूर्ण झालेला असतो. मुख्याध्यापक कुणाला रागावत नाहीत, फक्त विचारतात, "तुमच्या वर्गाचं काय?" त्या प्रश्नानंतर तुम्ही वर्गात जाता आणि मुलांकडे बघता तेव्हा नजर बदललेली असते. कोण होईल, कोण नाही होणार, असं बघायला लागता.

मृद्गंधताई, त्या शिक्षकांना बक्षीस वगैरे काही होतं का? की नुसतीच शाळाशाळांत चढाओढ?

---

मृद्गंध

सर, चढाओढ होती. गावागावांत आणि जिल्ह्याजिल्ह्यांतही. वसाहतीला जास्त माणसं देणाऱ्या गावांना सरकारी मदत मिळायची, कर्जाखाली बुडालेल्या गावाला ती हवीच होती. नागानोतल्या ओहिनाता गावाने १९३८ मध्ये अर्धं गाव उचलून मांचुरियात नेलं. त्यावर कादंबरी आली, १९४० मध्ये सिनेमाही आला, आणि ते आदर्श गाव म्हणून देशभर मिरवलं गेलं. मग शेजारच्या गावाला 'तुमचं काय?' हा तुम्ही म्हणता तोच प्रश्न.

एक गोष्ट राहिली. काही शिक्षक स्वतःही गेले. पुढेपुढे एकाच भागातल्या मुलांची तुकडी करून तिच्यावर तिथलाच शिक्षक नायक म्हणून नेमत. साधारण तीनशे मुलांची एक तुकडी. 'गुरुजी स्वतः बरोबर आहेत' म्हटल्यावर आईचा विरोध मावळायचा.

---

केतकीचं_बन

इबाराकी प्रांतातल्या उचिहाराबद्दल लिहा ना कुणीतरी. तिथेच या मुलांचं प्रशिक्षण व्हायचं ना? मी फोटो पाहिलेत, गोल गोल झोपड्या.

---

उगवतीकडे

तोक्योत बारा वर्षं राहतोय, म्हणून थोडी भर घालतो.

हो, उचिहारा. काटो कांजी नावाचे शेतीशिक्षक त्याचे प्रमुख. गोल झोपड्यांना 'सूर्यचक्र बराकी' म्हणायचे. मुलं तिथे दोन-तीन महिने राहायची. पहाटे उठणं, कवायत, जमीन खणणं, पुन्हा कवायत. एका हातात कुदळ, एका हातात बंदूक हेच त्यांचं चित्र छापलं जायचं. मग मांचुरियात आणखी तीन वर्षं प्रशिक्षण आणि नंतर स्वतःची जमीन, असं वचन. थंडी उणे तीस. चौदा वर्षांची मुलं घरच्या आठवणीने आजारी पडायची, आणि त्या आजाराला तिथे वेगळं नावच होतं.

नागानोतल्या आची गावात मांचुरिया वसाहतींचं शांतता स्मारक संग्रहालय आहे, २०१३ मध्ये सुरू झालेलं. प्रांतात सर्वांत जास्त माणसं शिमोइना भागातून गेली, आची त्यातलंच. मी घरच्यांना घेऊन गेलो होतो. सरकारी थाटाचं नाही. परत आलेली वयस्कर माणसं स्वतः येऊन आपली हकिकत सांगत. आता ती पिढी संपत आलीय, पुढची पिढी ऐकलेलं सांगते.

तिथे यामामोतो जिशो यांची हकिकत कळली. आचीतल्या चोगाकुजी मंदिराचे पुजारी, आणि शिक्षक. मे १९४५ मध्ये, म्हणजे जर्मनी हरत होती, जपानची शहरं जळत होती तेव्हा, गावच्या वसाहतीतल्या मुलांना शिकवायला म्हणून त्यांना मांचुरियाला पाठवलं. बायको, मुली बरोबर. ९ ऑगस्टला सोव्हिएत फौजा घुसल्या. वसाहतीतले धडधाकट पुरुष आधीच सैन्यात ओढलेले, राहिल्या बायका, म्हातारे आणि पोरं. मांचुरियातली जपानी फौज, क्वांतुंग सेना, मागे सरकलेली. यामामोतो सायबेरियात कैदेत गेले, १९४७ मध्ये गावी परतले तेव्हा कळलं की कुटुंब गेलं. शाळेतली बहुतेक मुलं गेली. पुढचं सगळं आयुष्य त्यांनी चीनमध्येच मागे राहिलेल्या जपानी मुलांना शोधण्यात घालवलं. दोन्ही देशांचे संबंध १९७२ मध्ये जुळेपर्यंत पत्रं लिहीत राहिले. खूप वर्षांनी त्यांची मोठी मुलगी चीनमध्ये जिवंत सापडली.

आणखी एक. त्यांच्याच भागातल्या हिराओका धरणावर चिनी मजुरांना जबरदस्तीने आणून राबवलं होतं, तिथे मेलेल्यांच्या अस्थी गोळा करून चीनला पोचवण्याच्या कामातही ते होते. स्वतःचं दुःख एवढं असताना दुसऱ्याचं दिसलं, याचं मला फार वाटतं.

---

रानमोडी

सगळे जपानी मुलांबद्दल बोलताहेत, ते साहजिक आहे. पण ती 'दहा हेक्टर जमीन' होती कुणाची?

---

मृद्गंध

रानमोडी, बरं झालं विचारलंत. बरीचशी जमीन चिनी आणि कोरियन शेतकऱ्यांची होती, कसलेली, पीक देणारी. वसाहत कंपनीने मातीमोल भावात, दडपणाखाली विकत घेतली आणि मूळ शेतकऱ्यांना हुसकावलं. काही तिथेच जपानी वसाहतीत मजूर म्हणून राहिले, म्हणजे आपल्याच शेतात रोजंदारीवर.

मासिकांच्या लेखनात ती माणसं जवळजवळ नाहीतच. क्षितिजापर्यंत मोकळं माळरान, लाल सूर्य, काळी माती. पाहणीला गेलेले शिक्षक गाडीतून उतरले तेव्हा त्यांना शेजारच्या खेड्यातला चिनी शेतकरी दिसला असणारच. ही माणसं गावच्या ओढ्यात कोणते मासे आहेत ते मुलांना मोजायला लावणारी, निरीक्षण हा त्यांचा धर्म. तरी लेखात तो शेतकरी येत नाही. आला तरी 'आपल्याला मार्गदर्शन मागणारा' म्हणून येतो. मला त्या लेखनातली सर्वांत मोठी चूक हीच वाटते, देशभक्तीच्या घोषणांपेक्षाही मोठी.

---

पागोळी

पण ताई, ज्याला त्याला आपल्या काळात राहावं लागतं. आज ऐंशी वर्षांनी आपण खुर्चीत बसून न्याय करणं सोपं आहे. त्या खोऱ्यातल्या शिक्षकाला मांचुरियात काय चाललंय ते कसं कळणार? वर्तमानपत्रं तीच, रेडिओ तोच.

---

उगवतीकडे

पागोळी, एक माणूस सांगतो. सासाकी तादात्सुना. त्याच शिमोइना भागातल्या ओशिमोजो गावचे सरपंच म्हणा, गावप्रमुख. १९३८ मध्ये इतरांबरोबर मांचुरिया पाहायला गेले. इतरांनी पाहिलं तेच पाहिलं. पण जपानी लोक चिनी माणसांशी कसे वागतात आणि जमीन कुठून आली आहे ते त्यांच्या नजरेतून सुटलं नाही. परत येऊन त्यांनी गावाचा गट पाठवायला नकार दिला. वरून दबाव, गावातून दबाव, तरी नाही.

ते मोठे क्रांतिकारक नव्हते. तरुणपणी इना खोऱ्यातल्या 'मुक्त विद्यापीठा'त, म्हणजे शेतकरी पोरांनी वर्गणी काढून प्राध्यापकांना बोलावून चालवलेल्या वर्गांत, बसून शिकले होते. हेही नागानोचंच शिक्षण. म्हणजे कळायला मार्ग नव्हता असं नाही म्हणता येत.

---

पागोळी

हे माहीत नव्हतं. आभार. तरीही मला वाटतं की एक सासाकी असणं आणि सगळ्यांकडून सासाकी होण्याची अपेक्षा करणं यात फरक आहे. ४ फेब्रुवारीच्या धरपकडीनंतर शिक्षकांची काय हिंमत राहिली असेल?

---

जुनी_वही

भीतीचा मुद्दा निघाला म्हणून उत्तरेकडची गोष्ट लिहितो, कारण तिथे भीती आणि लेखन यांचा संबंध उघडा दिसतो.

उत्तर जपानातल्या अकितामध्ये १९३० मध्ये 'होप्पो क्योइकु', म्हणजे 'उत्तरेचं शिक्षण', नावाचं छोटं मासिक सुरू झालं. काढणारे नारिता तादाहिसा, काही काळ बदली शिक्षक म्हणून काम केलेले. भोवती गरीब शाळांतले तरुण शिक्षक. मुलांनी पुस्तकी वर्णनं न लिहिता आपल्या जगण्याबद्दल, पाहिलंय तसं लिहावं, हे त्यांचं म्हणणं. जपानीत 'सेइकात्सु त्सुझुरिकाता', म्हणजे जीवनलेखन. एका चौथीतल्या मुलाची छोटीशी कविता त्या वर्तुळात फार गाजली. आई शेतावर गेलीय, हा धाकट्या भावाला सांभाळतोय. दूर आगगाडीची शिटी वाजते. तो भावाला सांगतो की ती शिटी शेतातही ऐकू गेली असेल, आता आई येईल, रडू नकोस. बस, एवढंच. यात गरिबी हा शब्द नाही. गाडीच्या शिटीवरून दिवस मोजणारं घर आहे.

शिक्षक अशा कवितांवर पानंच्या पानं चर्चा करीत. मुलाने असं लिहिलं यावर समाधान मानायचं की आईला एवढा वेळ शेतात का राबावं लागतं इथपर्यंत मुलाला न्यायचं? १९३४ मध्ये थंडीमुळे तोहोकुमधलं, म्हणजे ईशान्य जपानातलं, भातपीक गेलं, खेड्यांतून मुली विकल्या गेल्या. त्या वर्षांत ही चर्चा वर्गाबाहेरची राहिलीच नाही.

मासिक १९३६ च्या सुमाराला थांबलं. माणसं थांबली नाहीत, म्हणून त्यांना थांबवलं गेलं. फेब्रुवारी १९४० मध्ये यामागाता प्रांतात याच चळवळीतले मुरायामा तोशितारो पकडले गेले. त्याच वर्षाच्या अखेरीपासून उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावर जीवनलेखनवाल्या शिक्षकांची धरपकड, पन्नासवर माणसं. आरोप काय, तर गरीब मुलांना आपली गरिबी जशी आहे तशी लिहायला लावणं म्हणजे वर्गजाणीव पेरणं, म्हणून १९२५ च्या शांतता संरक्षण कायद्याखाली गुन्हा. पुरावा म्हणून पोलिसांनी मुलांच्या निबंधांच्या वह्या उचलून नेल्या.

आता पागोळी यांच्या प्रश्नाकडे. याच चळवळीतले कोकुबुन इचितारो, यामागाताचे. १९३८ मध्ये नोकरी गेली. मग ते दक्षिण चीनमध्ये सैन्याच्या प्रसिद्धी विभागात कामाला गेले आणि १९४० मध्ये युद्धभूमीवरच्या मुलांबद्दल पुस्तक लिहिलं. आणि तरीही १९४१ मध्ये पकडले गेले. एकाच माणसात दोन्ही आहे. त्यांना खलनायक म्हणता येत नाही आणि निर्दोषही म्हणता येत नाही. युद्धानंतर त्यांनी मुलांच्या लेखनाची चळवळ पुन्हा उभी केली.

---

केतकीचं_बन

जुनी वही, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मुलांच्या वह्या पुरावा म्हणून, हे वाचून कसंतरीच झालं. त्या मुलांना पुढे कधी कळलं असेल का, की आपल्या निबंधामुळे गुरुजी तुरुंगात गेले?

बाकीच्या शाळांत तेव्हा निबंधाच्या तासाला काय लिहून घेत होते?

---

जुनी_वही

केतकी, सैनिकांना पत्रं. १९३७ मध्ये चीनशी युद्ध पेटल्यावर निबंधाचा तास हळूहळू आघाडीवरच्या शिपायांना धीराची पत्रं लिहिण्याचा तास झाला. ती पत्रं भेटवस्तूंच्या पिशव्यांत घालून जायची. ठरावीक साचा होता: शिपाईकाका, थंडी पडली आहे, तुम्ही आमच्यासाठी लढता, आम्हीही मन लावून अभ्यास करतो. मुलाने 'आमचं भात यंदा गेलं' असं लिहिलं तर शिपायाचं मन खचेल म्हणून शिक्षक ते काढायला लावायचा. शिटीची कविता लिहिणाऱ्या मुलाचा तास आणि हा तास, मध्ये सात-आठ वर्षांचं अंतर.

आणि शिक्षकाला हे करताना वाईटच वाटत असेल असं धरू नका. शिपायाला आनंद व्हावा म्हणूनच तो खाडाखोड करत होता.

---

सह्यकडा

पुस्तकांचं काय? पहिलीचं पुस्तक कसं होतं?

---

मृद्गंध

सर, १९३३ पासूनच्या पहिलीच्या वाचनमालेत पहिलं पान "फुललं, फुललं, साकुरा (चेरीचं फूल) फुललं". रंगीत चित्र, तोवर असं पुस्तक जपानी मुलांनी पाहिलं नव्हतं. शिक्षकांना ते फार आवडलं होतं. थोडी पानं उलटली की "चला, चला, शिपायांनो चला". १९४१ च्या एप्रिलमध्ये प्राथमिक शाळांचं नाव बदलून 'राष्ट्रीय शाळा' झालं, पुस्तकंही बदलली, आणि सम्राटाची प्रजा घडवणं हे शाळेचं काम म्हणून कायद्यातच लिहिलं गेलं.

१९४५ च्या शरदात तीच पुस्तकं मुलांनी स्वतः काळी केली. नवी छापायला कागद नव्हता. शिक्षक समोर उभा राहून सांगायचा, अमुक पान, तिसऱ्या ओळीपासून सातव्या ओळीपर्यंत. मुलं शाईत कुंचला बुडवून ओळी पुसायची. उजेडाकडे धरलं की अक्षरं दिसायची, मग आणखी एक हात. काही महिन्यांपूर्वी तेच वाक्य चुकलं म्हणून त्याच शिक्षकाने छडी मारलेली असायची. पुढे कादंबरीकार म्हणून नावाजलेल्या मिउरा आयाको तेव्हा होक्काइदोत शिक्षिका होत्या. हे करवून घेतल्यावर मुलांसमोर उभं राहणं त्यांना जमेना, १९४६ मध्ये त्यांनी नोकरी सोडली.

---

डोंगरवाट

मग मासिकांत याबद्दल कुणी लिहिलं की नाही? मुलांना पाठवणाऱ्या शिक्षकांपैकी कुणी 'आम्ही चुकलो' असं छापून म्हटलं का?

---

जुनी_वही

एक कविता आहे, शिकोकू बेटावरच्या कोचीतल्या एका शिक्षकाची, ताकेमोतो गेंजी यांची. १९५२ मध्ये कोची प्रांताच्या शिक्षक संघटनेच्या मासिकात आली. म्हणजे पुन्हा एक प्रांतिक शिक्षक-मासिकच. युद्धात मेलेल्या विद्यार्थ्याला उद्देशून आहे. आशय असा, की माझे हात रक्ताने माखले आहेत, तुझा गळा आवळणाऱ्या दोरीचं एक टोक माझ्याही हातात होतं, आणि तेही तुझा गुरू या नात्याने. 'आम्ही फसवले गेलो' असं म्हणून तो सुटका करून घेत नाही. जपानी शिक्षकांत ही कविता खूप वाचली गेली.

त्याच्या आदल्या वर्षी, १९५१ मध्ये, जपान शिक्षक संघटनेने 'आपल्या विद्यार्थ्यांना पुन्हा रणांगणावर पाठवू नका' ही घोषणा स्वीकारली होती. कोरियात युद्ध सुरू होतं, जपानला पुन्हा शस्त्रं देण्याची बोलणी चालली होती, तेव्हाची.

---

रानमोडी

कविता मोठी आहे. पण त्यातही मेलेला विद्यार्थी जपानीच आहे. त्या विद्यार्थ्याने चीनमध्ये कुणाला मारलं असेल, त्याची दोरी कुणाच्या हातात होती, हा प्रश्न उरतो.

---

जुनी_वही

मान्य. जपानमध्येही हा आक्षेप घेतला गेला आहे, आणि तो योग्य आहे. बराच काळ तिथलं युद्धाबद्दलचं बोलणं 'आमचं काय झालं' इथेच थांबत असे. आचीच्या संग्रहालयात मात्र वसाहतीआधी त्या जमिनीवर कोण राहत होतं हेही मांडलंय असं ऐकतो. उगवतीकडे सांगू शकतील.

---

उगवतीकडे

हो, मांडलंय. हिसकावलेल्या जमिनीबद्दल स्पष्ट लिहिलेलं आहे. शिक्षकांच्या भूमिकेबद्दलही आहे. चौदा वर्षांच्या मुलांना घरोघर जाऊन कुणी तयार केलं, ते लपवलेलं नाही. गावातल्या माणसाला हे लिहिणं सोपं नसतं, कारण त्या गुरुजींचे नातवंडं-पतवंडं शेजारीच राहतात.

---

पागोळी

माझं मत थोडं बदललं. भीती होती हे मी अजूनही म्हणेन. पण मृद्गंध यांनी सुरुवातीला लिहिलंय, की वाईट शिक्षक नव्हेत, चांगले शिक्षक त्या वाटेने गेले, ते आता कळतंय. भीतीने माणूस गप्प बसतो. पुन्हा पुन्हा घरी जाऊन आईची समजूत काढायला भीती पुरत नाही, त्याला विश्वास लागतो.

ताई, नागानोच्या शिक्षण संघाने युद्धानंतर काय केलं?

---

मृद्गंध

पागोळी, बहुतेक प्रांतांतले जुने शिक्षण संघ युद्धानंतर बरखास्त झाले, त्यांची जागा १९४७ मध्ये स्थापन झालेल्या शिक्षक संघटनेने घेतली. शिनानो संघ टिकला, मासिकही टिकलं. मुलांना पाठवण्याच्या जबाबदारीबद्दल संघाने बराच काळ फारसं बोलणं टाळलं. जे बोललं गेलं ते स्थानिक अभ्यासकांनी आणि निवृत्त शिक्षकांनी, जुने अंक पान न् पान वाचून, परत आलेल्यांना भेटून त्यांच्या आठवणी टिपून. म्हणजे नागानोचं जुनं वळण, जवळचं नीट पाहायचं आणि लिहून ठेवायचं, ते शेवटी याच कामाला आलं. हे काम करणारी माणसं बरीचशी याच शाळांतून शिकलेली आहेत.

सह्यकडा सर, तुमच्या पहिल्या प्रतिसादावर मी अजून विचार करतेय. नजर बदलते असं तुम्ही लिहिलंत, ते मला कुठल्याच संशोधनाच्या पुस्तकात इतकं नेमकं सापडलं नव्हतं.

---

सह्यकडा

ताई, आमच्या शाळेत सातवीची मुलं दर शनिवारी 'माझ्या घरातली गोष्ट' लिहितात. साचा नाही, शुद्धलेखनाला लाल शाई नाही. जुनी वही यांच्या शिटीच्या कवितेचा मराठी आशय मुलांना वाचून दाखवणार आहे. जीवनलेखनाच्या शिक्षकांची पद्धत, म्हणजे मुलाला विषय न देता लिहितं कसं करायचं, यावर वेगळा धागा काढाल का? आमच्या केंद्रातले आणखी तिघे-चौघे शिक्षक वाचतील.

---

जुनी_वही

काढतो सर. दिवाळीनंतर. १९५१ मध्ये यामागातातल्या एका डोंगरी शाळेच्या मुलांचं लेखन पुस्तकरूपाने आलं आणि देशभर गाजलं, तिथून सुरुवात करीन. त्यात तंत्राचा भाग बराच आहे: मुलाने लिहिलेलं वर्गात सर्वांसमोर वाचायचं का, वाचायचं तर कोणाची परवानगी घेऊन, आणि घरच्या कर्जाचा आकडा निबंधात आला तर शिक्षकाने काय करायचं.